आजीचे पोवळे पांढरे का पडत नाही?

मुळशी तालुक्यातील नेरे गावी एका शाळेत गेल्या पावसाळ्यात प्रवाळांविषयी बोलायला गेलो होतो. बाहेर भातखाचरे तुडुंब भरलेली, आत नववी-दहावीची चाळीसेक मुले. नेहमीप्रमाणे पडद्यावर चित्रे दाखवली : निळे पाणी, रंगीत मासे, शिंगांसारख्या फांद्या फुटलेले प्रवाळ. प्रवाळभित्ती म्हणजे समुद्रातील वर्षावने, हे वाक्य सांगितले. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती आढळतात, हा आकडा सांगितला. शेवटी पांढऱ्याफटक पडलेल्या प्रवाळांचे चित्र दाखवून म्हटले, "पाणी तापले की प्रवाळ असे पांढरे पडतात आणि मरतात." वर्ग गंभीर झाला. मला वाटले, व्याख्यान जमले.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, माझ्या आजीच्या अंगठीत पोवळं आहे. पोवळं म्हणजे प्रवाळच ना? ते तर मेलेलंच असणार. मग ते लाल कसं राहिलं?"

मी उत्तर दिले, "त्याला पॉलिश केलेले असते." उत्तर साफ चुकीचे होते. देतानाच ते पोकळ वाटत होते, पण घंटा झाली आणि मी सुटलो. परतीच्या एस.टी.त मात्र तो प्रश्न सुटला नाही. मुलीने माझी दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून त्यांतील विसंगती नेमकी पकडली होती. विज्ञान शिकणे म्हणजे याहून वेगळे काय असते? आणि मी, जो विज्ञान सांगायला गेलो होतो, तो तिला थोपवून आलो होतो. माझी ही चूक माझ्या एकट्याची नाही, आपण सगळे प्रवाळांविषयी ज्या पद्धतीने लिहितो-बोलतो त्या पद्धतीतच ती दडलेली आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

एक शब्द, पाच वस्तू

पहिला दोष शब्दाचा. मराठीत 'प्रवाळ' हा शब्द आपण किमान पाच गोष्टींसाठी वापरतो. अंगठीत किंवा माळेत बसवलेले पोवळे. तोंडाभोवती शुंडके असलेला इवलासा प्राणी, म्हणजे पॉलिप. अशा हजारो पॉलिपांची वसाहत आणि तिचा चुनखडीचा सांगाडा. अशा वसाहतींच्या सांगाड्यांतून हजारो वर्षांत उभी राहिलेली भित्ती. आणि त्या भित्तीच्या माथ्यावर तयार झालेले बेट. शाळेच्या भूगोलात 'प्रवाळ' म्हणजे बहुधा बेट, जीवशास्त्रात प्राणी, वैद्याकडे भस्म आणि सराफाकडे रत्न. मुलाच्या डोक्यात हे सगळे एकाच खणात जाऊन पडते. वर्तमानपत्रात 'प्रवाळ पांढरे पडले' अशी बातमी आली, तर त्याने यांतले काय पांढरे पडले असे समजावे?

नेरेच्या मुलीची अडचण इथेच होती. दागिन्यातले लाल पोवळे (खरे असेल तर) प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. तोही पॉलिपांच्या वसाहतीचाच सांगाडा, पण हा प्राणी प्रवाळभित्ती बांधत नाही. त्याच्या प्रत्येक पॉलिपला पिसासारखी आठ शुंडके असतात. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांत शुंडक्यांची संख्या साधारणपणे सहाच्या पटीत असते. तो कपारींत, गुहांत, अंधुक उजेडात वाढतो आणि इतका सावकाश, की वर्षाला अर्धा मिलिमीटरही जाड होत नाही. मुख्य म्हणजे त्याचे लाल रंगद्रव्य सांगाड्यातच असते. जिवंतपणी त्याचे पॉलिप पांढरे दिसतात आणि आतला सांगाडा लाल असतो.

भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांत नेमके उलटे आहे. सांगाडा पांढरा, आणि रंग असतो तो वरच्या पातळ, जिवंत मांसात व त्यात राहणाऱ्या शैवालांत. म्हणून रंग गेला की मांसाच्या पारदर्शक पापुद्र्यातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. आजीचे पोवळे पांढरे पडत नाही, कारण तिथे रंग हाडातच आहे. माझ्या व्याख्यानात 'रंग कोठे असतो' हे एक वाक्य असते, तर मुलीला प्रश्नच पडला नसता. किंवा याहून पुढचा पडला असता.

गंमत अशी, की हे परदेशी पोवळे आपल्याकडे फार जुने आहे. रोमन लोक मोत्यांना जेवढे मोल देतात तेवढे भारतीय लोक पोवळ्याला देतात, अशी नोंद पहिल्या शतकातील प्लिनीने केली आहे. म्हणजे दोन हजार वर्षे आपण भूमध्य समुद्रातले पोवळे बोटात घालत आलो. पण मालवणच्या खडकावर चिकटलेला प्रवाळ आपल्यापैकी कितीजणांना ओळखता येईल?

सौंदर्यापासून मरणापर्यंत

दुसरा दोष रचनेचा. प्रवाळांवरचा कोणताही लोकप्रिय लेख उघडून पाहा. सुरुवात सौंदर्याने, शेवट मरणाने. मधे काय? बहुधा आकडे. हे प्राणी जगतात कसे आणि तापमानाने त्यांचे नेमके काय बिघडते, हा मधला भाग एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. मुलाला विचार करायला जागा असते ती याच भागात. सौंदर्य पाहून 'वा' म्हणता येते, मरण पाहून 'अरेरे' म्हणता येते. प्रश्न मात्र यंत्रणेलाच विचारता येतो.

मधला भाग अवघड आहे म्हणून आपण तो टाळतो, असेही नाही. तो शिकवण्याचे साधन गावच्या तळ्यात असू शकते. हायड्रा हा गोड्या पाण्यातला प्राणी प्रवाळांच्याच संघातला. नळीसारखे शरीर, एक तोंड, भोवती शुंडके, त्यांत भक्ष्याला बधिर करणाऱ्या दंशपेशी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर अनेक वर्षे काम केले, आणि पुणे परिसरातील हायड्राचा एक प्रकार शास्त्रीय लेखनात पुण्याच्याच नावाने ओळखला जातो. तळ्यातील पाणवनस्पती काचेच्या बरणीत आणून खिडकीत ठेवाव्या; एक-दोन दिवसांत काचेला चिकटलेले, धाग्याएवढे हायड्रा भिंगातून दिसण्याची शक्यता असते. हायड्राला कोंब फुटतो, वाढतो आणि सुटून वेगळा होतो. आता मुलांना विचारावे : हे कोंब सुटलेच नाहीत आणि प्रत्येकाने आपल्या बुडाशी चुनखडीची बैठक बांधली, तर काय तयार होईल? उत्तर वर्गातूनच येईल : वसाहत.

यापुढची पायरी शैवालाची. हायड्राची एक हिरवी जात आहे. तिचा हिरवा रंग तिच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांतही अशीच, पण वेगळ्या गटातली शैवाले पेशींच्या आत राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळाला देतात. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा यातून भागू शकतो. बदल्यात शैवालांना आसरा आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातील नत्रासारखी द्रव्ये मिळतात. भाडेकरू घरमालकाचे पोट भरतो, असा हा व्यवहार.

पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखाद्या अंशाने जास्त राहिले आणि ते काही आठवडे टिकले, की हा व्यवहार बिघडतो. उष्णता आणि तीव्र प्रकाश यांमुळे शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा नादुरुस्त होते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात, आणि प्रवाळ शैवालांना बाहेर काढतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाले पुन्हा वाढतात व प्रवाळ सावरतो. न निवले तर भूकबळी पडतो. 'पांढरे पडतात आणि मरतात' हे माझे वाक्य म्हणूनही चुकीचे होते. त्या दोन क्रियापदांच्या मधे काही आठवडे असतात, आणि सगळी आशा त्या आठवड्यांत असते.

याच जागी आपण एक प्रयोगही चुकीचा वापरतो. शिंपला किंवा खडू व्हिनेगरमध्ये टाकायचा, बुडबुडे दाखवायचे आणि म्हणायचे, 'कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्रात प्रवाळांचे असेच होते आहे.' तसे होत नाही. औद्योगिक काळापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. म्हणजे समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे. व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास; त्याची आम्लता समुद्राच्या पाण्याच्या काही लाख पट. समुद्रातील बदल लहान दिसला तरी त्याने पाण्यातील कार्बोनेट आयन कमी होतात आणि प्रवाळाला सांगाडा बांधणे महाग पडते. घर विरघळत नाही, बांधकाम रखडते. प्रयोग जरूर करावा, पण या खुलाशासह. नाहीतर हुशार मूल एक दिवस सामूचे आकडे पाहील आणि आपले बाकीचे बोलणेही खोटे समजेल.

कॅमेऱ्याची चिकाटी

याच विषयावर 'चेसिंग कोरल' हा जेफ ऑर्लोव्स्की यांचा २०१७ चा इंग्रजी माहितीपट पुष्कळांनी पाहिला असेल. विरंजन घडताना टिपण्यासाठी या मंडळींनी समुद्रतळाशी आपोआप चालणारे कॅमेरे लावले. त्यांनी दगा दिला. मग ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर त्यांतील काहीजण रोज पाण्यात उतरून त्याच जागांची, त्याच कोनातून छायाचित्रे घेत राहिले. ती चित्रे शेजारी ठेवली की रंगीत, मग पांढरा, मग शेवाळाने माखलेला असा एकच प्रवाळ आपल्यासमोर बदलत जातो. माहितीपटाचे मोठेपण मला या चिकाटीत वाटते. शैवालांचे कामही तो थोडक्यात पण नीट समजावतो.

त्याची मर्यादा दुसरीकडे आहे. त्याचा मुख्य भर पाणबुड्याच्या दुःखावर आहे, आणि ज्याने ती भित्ती जिवंत असताना पाहिली, त्याचे दुःख खरे आहे. पण ज्या मुलाने समुद्रच पाहिलेला नाही त्याला ते उसने घ्यावे लागते, आणि उसने दुःख दोन दिवसांत ओसरते. आपल्याकडच्या अनुकरणात तर चिकाटी गळाली आणि फक्त दोन चित्रे उरली, आधीचे आणि नंतरचे.

आपल्या किनाऱ्यावर

तिसरा दोष म्हणजे प्रवाळ दूर नेऊन ठेवण्याचा. भारतात प्रवाळभित्ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे, असे आपण पाठ करून घेतो. ते बरोबरच आहे. पण त्यातून 'महाराष्ट्रात प्रवाळ नाहीत' असा निष्कर्ष निघतो, तो चूक. कोकणात मोठी भित्ती नाही. पावसाळ्यात नद्या आणतात ते गोडे पाणी व गाळ तिला मानवत नाही. प्रवाळांच्या वसाहती मात्र आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथले प्रवाळ खडकाला चिकटलेले, गोळ्यांसारखे किंवा पापुद्र्यांसारखे, रंगाने बहुधा तपकिरी-हिरवट असतात. किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तिथे प्रवाळांचे बरेच समृद्ध क्षेत्र आहे आणि २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांच्या पथकाने त्याची पाहणी केली.

मालवणला आज हजारो पर्यटक पाण्यात उतरतात. इतक्या मराठी माणसांना जिवंत प्रवाळ दाखवणारी दुसरी शाळा नाही. पण जाहिरातीतील चित्रे पुष्कळदा दुसऱ्याच समुद्रातली असतात. पर्यटक ते रंग शोधतो, त्याला तपकिरी गोळे दिसतात, आणि 'विशेष काही नव्हते' म्हणून तो परततो. त्या गोळ्यावर पाय देऊन उभे राहू नये हे त्याला कळत नाही, कारण तो प्राणी आहे हेच कोणी सांगितलेले नसते. पाण्यात उतरण्यापूर्वीची पाच मिनिटे आणि एक भिंग, एवढ्याने यात पुष्कळ फरक पडेल.

मुंबईत २०२० साली किनारी रस्त्याच्या कामापूर्वी वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवण्यात आल्या. त्या वेळच्या चर्चेत एका बाजूला 'मुंबईची प्रवाळ बेटे' असा शब्दप्रयोग ऐकू येई, तर दुसऱ्या बाजूला 'तिथे भित्ती नाहीच, मग बिघडले काय' असा युक्तिवाद. दोघेही शब्दात अडकलेले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. संरक्षण आहे ते प्राण्याला. मग तो लक्षद्वीपच्या भित्तीवर असो वा वरळीच्या खडकावर. वसाहत आणि भित्ती यांतला फरक शाळेत स्पष्ट झाला असता, तर ही चर्चा अधिक शहाणपणाने झाली असती. (प्रयोगशाळेसाठी प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावरून उचलून आणू नये, विकत घेऊ नये, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे.)

याच मुंबईत २०१७ च्या सुमारास 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या गटाने ओहोटीच्या वेळी लोकांना खडकाळ किनाऱ्यावर फिरवायला सुरुवात केली. पायाशी काय आहे ते वाकून पाहायचे, छायाचित्र घ्यायचे, नोंद करायची, उचलायचे नाही. मला ही पद्धत सर्वांत पटते. तिथे सौंदर्याची हमी नसते आणि मरणाची भीतीही घातलेली नसते. समोर एक जीव असतो, आणि 'हा इथे कसा जगतो?' हा प्रश्न.

नेरेचा काळा दगड

पण नेरेला ओहोटी कुठली? तेथील शिक्षकांनी काय करावे? शाळेच्या आवारातला एक काळा दगड उचलावा.

हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थर पसरले, तेव्हा भारताचा भूपट्ट आजच्या रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थानावर होता, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि तप्तस्थान मागे ज्वालामुखींची माळ सोडत राहिले. पेटती उदबत्ती स्थिर धरून वरून कागद सावकाश सरकवला की डागांची रांग उमटते, तसे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मॉरिशस याच माळेतले मानले जातात. रीयुनियनवर ज्वालामुखी आजही जागा आहे. १९८७ साली या माळेवर समुद्रतळाला छिद्रे घेतली गेली, तेव्हा दक्षिणेकडे जावे तसतसा बेसाल्टचे वय कमी होत गेलेले आढळले.

आता डार्विनचे १८४२ चे प्रवाळभित्तींवरील पुस्तक आठवावे. ज्वालामुखीचे बेट, त्याच्या काठाने वाढणारी भित्ती. बेट सावकाश खचते, भित्ती वर वर वाढते. शेवटी बेट बुडते आणि कंकणासारखे प्रवाळद्वीप उरते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे छिद्र घेतले, तेव्हा बाराशे मीटरांहून जाड चुनखडीखाली बेसाल्ट लागला आणि डार्विन खरा ठरला. भित्ती वर वर वाढतेच का? कारण आतल्या शैवालांना उजेड हवा. ज्या शैवालाने विरंजनाचा उलगडा होतो, त्यानेच बेटांच्या आकाराचाही होतो. मॉरिशस हे माळेतले तरुण बेट. ते अजून खचलेले नाही, त्याच्या बहुतेक किनाऱ्याभोवती भित्ती आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिच्या आत राहतात. लक्षद्वीप म्हातारे, तिथे फक्त कंकणे उरली आहेत.

ती कंकणे आज अडचणीत आहेत. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील दीर्घकालीन पाहणीत १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले. या काळात १९९८, २०१० आणि २०१६ साली उष्ण लाटा येऊन गेल्या. २०२४ साली पुन्हा विरंजन झाले. भित्ती वाढायची थांबली तर समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच असलेल्या या बेटांना लाटांपासून कोण राखणार? हा प्रश्न वर्गात शेवटी विचारावा. तो आता उसना राहत नाही. त्याच्या मागची सगळी साखळी मुलांनी स्वतः जुळवलेली असते.

नेरेच्या त्या वर्गाला मी पत्र लिहिले. माझे उत्तर चुकले होते हे आधी कबूल केले, मग पोवळ्याचा आणि शैवालाचा खुलासा केला, हिरव्या हायड्राविषयीही लिहिले. वर्गाच्या बाईंचे उत्तर आले. पत्र वर्गात मोठ्याने वाचले, असे त्यांनी कळवले होते. खाली त्याच मुलीच्या अक्षरात एक ओळ होती : हिरवा हायड्रा सापडला, आणि तो बरेच दिवस अंधारात ठेवला, तर तोही पांढरा पडेल का?

मी याचे उत्तर कळवलेले नाही. बरणी, भिंग आणि काळा कागद पाठवला आहे.